कागद नसलेल्यांचं घर कोण मोजणार?

महोदय,

अमेरिकेतल्या स्थलांतरितांबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक व्हिसा आणि हद्दपारीबद्दल. ते, विशेषतः वैध कागदपत्रं नसलेले, राहतात कुठे, हे क्वचितच.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. नवा आलो तेव्हा माझ्याकडेही सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नव्हता, क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची नोंद) नव्हती. कंपनीचं पत्र दाखवलं आणि किल्ली मिळाली. आमच्या ऑफिसात रात्री साफसफाई करणाऱ्या बाईंना असं पत्र कोण देणार? एकदा पावसात त्यांना घरी सोडलं. घर म्हणजे गॅरेज. शटरखालच्या फटीत टॉवेल कोंबलेले, कोपऱ्यात विजेची शेगडी, तिथेच मुलाचा अभ्यास. भाडं रोख, पावती नाही. छत गळतं, पण तक्रार करायची भीती.

कॅलिफोर्नियात घरमालकाला भाडेकरूचं इमिग्रेशन स्टेटस विचारता येत नाही. ‘इमिग्रेशन खात्याला कळवीन’ अशी धमकी देण्यालाही २०१८पासून कायद्याने बंदी आहे. पण भाड्याच्या अर्जातला सोशल सिक्युरिटी नंबराचा रकाना न विचारताच माणसाला बाहेर ठेवतो.

या भागातल्या नऊ काउंट्यांना (जिल्ह्यांना) २०२३ ते २०३१ या काळात ४ लाख ४१ हजारांवर घरांचं नियोजन करायचं आहे. प्रत्येक शहराने उत्पन्नगटांनुसार आकडे मांडले आहेत. माझं म्हणणं एवढंच, की घर कुणाला मिळणार हे ते बांधायला पैसा कुठून आला यावरही ठरतं. अमेरिकी केंद्र सरकारच्या भाडेसाहाय्यात कागद नसलेला माणूस धरलाच जात नाही. घरात काहींकडे कागद असले तर मदत त्या प्रमाणात कापली जाते. राज्याच्या आणि शहराच्या पैशावर ही अट घालायलाच हवी असं नाही. तेव्हा प्रत्येक नव्या प्रकल्पात काही घरं तरी अशा पैशातून, पर्यायी ओळखपत्र चालेल अशी बांधा.

इथून जवळच्या हाफ मून बे गावात जानेवारी २०२३मध्ये शेतांवरच्या गोळीबारात सात जण मारले गेले, तेव्हा शेतमजूर कसल्या खोपटांत राहतात हे जगाला दिसलं. तरीही त्याच गावात वयस्क शेतमजुरांसाठीच्या ४० घरांना मंजुरी मिळायला २०२४ उजाडलं. वाद कशावर, तर उंची आणि पार्किंग! फार वाईट वाटलं.

अशा प्रकल्पांच्या सुनावणीत माइकवर दोन-तीन मिनिटं मिळतात. त्या बाई तिथे येऊन बोलायला धजणार नाहीत. माझ्याकडे कागद आहेत, म्हणून मी जातो. इथल्या मराठी मंडळींनीही यावं.

– एक वाचक, कॅलिफोर्निया