होमस्कूलिंगला महागडी किट्स कशाला?

रविवारच्या पुरवणीतला होमस्कूलिंगवरचा लेख वाचला. मुलांना घरी शिकवता येतं हे पटलं, पण त्यासाठी वेगळी खोली, महागडी किट्स आणि ऑनलाइन कोर्स लागतातच असा जो सूर आहे तो अजिबात पटला नाही. आम्ही मुलीला घरीच शिकवतो आणि तिचं निम्मं गणित लाइट बिलावर झालंय. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, मग महिन्याचे किती, शिवाय १०० युनिटच्या पुढे दर बदलतो म्हणून वरच्या युनिटांचा हिशोब वेगळा, हे सगळं ती पेन घेऊन स्वतः मांडते, दशांश आणि टक्केवारी त्यातच येतात. थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही असं तिने विचारलं तेव्हा जिवाणू, कार्बन डायऑक्साइड सगळं निघालं, मग दोन डब्यांत पीठ घेऊन एक डबा कोमट पाण्यात ठेवला आणि फरक तिने वहीत लिहिला, म्हणजे भाषाही आलीच. आजीकडून लोणच्याची कृती ऐकून उतरवून घेणं हा तर मराठीचा उत्तम तास!

परीक्षेची काळजी असेल तर १९८९ पासून एनआयओएस ही केंद्र सरकारची मुक्त शालेय शिक्षण संस्था आहे, १४ वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते. यात आईवडिलांचा वेळ मात्र खूप जातो, ते लेखात यायला हवं होतं. पैशांमुळे हा विचारच सोडून देणारे पालक बरेच आहेत, त्यांच्यासाठी साध्या घरांबद्दलही छापा.

– एक पालक, सातारा