जर्मनीतल्या ट्युबिंगनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझी तब्येत छान आहे, थंडीची सवय झाली आहे, जेवणाची आबाळ नाही.

आई, फोनवर तू परत तेच विचारलंस, "दिवसभर जंतूंत हात, काही झालं म्हणजे?" काही होत नाही गं. प्रयोगशाळेत हातमोजे, कोट, सगळं असतं. आणि माझे स्ट्रेप्टोमायसिस म्हणजे मातीतले साधे जिवाणू. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास त्यांचाच. जंतू वाढवायच्या प्लेटवर त्यांचा खडूच्या भुकटीसारखा ठिपका उठतो आणि कधी कधी त्याभोवती दुसरा कुठलाच जिवाणू वाढत नाही, स्वच्छ कडं उरतं, म्हणजे त्यातून नवं औषध मिळण्याची आशा. ते कडं दिसलं की भूक-तहान विसरायला होतं.

बाबांच्या टीबीच्या गोळ्या आठव. लघवी लाल झाली म्हणून तू केवढी घाबरली होतीस! ते गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे. १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्याकडच्या मातीतून मिलानच्या संशोधकांना एक जिवाणू मिळाला, त्याच्या रसायनात फेरफार करून ते बनलं. बाबा त्या गोळ्यांवरच बरे झाले ना? आता त्याला दाद न देणारा टीबी आपल्या मुंबई-ठाण्यातही आहे, म्हणून नवं शोधायलाच हवं. इथल्याच विद्यापीठात २०१६ साली माणसाच्या नाकातल्या जिवाणूत लुग्डुनिन नावाचं नवं प्रतिजैविक सापडलं. प्लेटवर जंतू मेले म्हणजे औषध झालं असं नसतं, त्यापुढे वर्षं जातात. हे मामालाही सांग, तो दर वेळी "औषध कधी निघणार" विचारतो.

इथे 'केअरवोखे' असते, म्हणजे झाडायचा आठवडा. आपली झाडायची पाळी आली की शेजारच्या आजी दारावर पाटी अडकवतात. मग आठवडाभर जिना आपण झाडायचा, पुसायचा. जिना लखलखीत असला तरी झाडायचाच, आणि शेजाऱ्यांना दिसेल असा! मोठी पाळी आली तर अंगण, फुटपाथ, बर्फसुद्धा. कामाला बाई लावावी असं कुणाच्या मनातही येत नाही. पाळी संपली की पाटी पुढच्या दारावर. आपल्या नौपाड्याच्या सोसायटीत हे सुचवून बघा, बाबा.

ताईच्या लग्नाच्या हॉलचे उरलेले पैसे पाठवले आहेत. एफडी मोडू नका, मला इथे खरंच पुरतं. ताईच्या साखरपुड्याला मात्र येणं जमत नाही. वाढवायला टाकलेले जिवाणू मध्येच सोडून निघता येत नाही. ताई काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. लग्नाला चार दिवस आधी येते, तिकीट काढलं आहे. माझ्यासाठी आलेल्या डोंबिवलीच्या स्थळाला एवढ्यात होकार कळवू नका. आधी ताईचं होऊ दे.

तुमची,
मनू