लॅपटॉप-डेस्कटॉपमधला फरक वजनापुरता नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील संगणक खरेदीविषयीच्या लेखाने लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांतील फरक ‘एक सोबत नेता येतो, दुसरा येत नाही’ एवढ्यावर उरकला आहे. हे खरेच आहे. परंतु ज्याचे परिणाम ग्राहकाला पुढे काही वर्षे भोगावे लागतात, तो फरक उष्णतेचा आणि दुरुस्तीचा आहे, आणि नेमके त्याविषयी जाहिराती मूग गिळून असतात.

प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, जेवढी वीज घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकतो. डेस्कटॉपच्या ऐसपैस कॅबिनेटमध्ये मोठा हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि पंखे मावतात, त्यामुळे 65 ते 125 वॅटचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण वेगाने चालू शकतो. पातळ लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसल्याने त्यातले प्रोसेसर बहुधा 15 ते 28 वॅटचे असतात आणि तापमान वाढले की स्वतःहून वेग कमी करतात. व्हिडिओ एडिटिंग करताना हे स्पष्ट जाणवते: सुरुवातीची काही मिनिटे काम झपाट्याने सरकते, मग पंखा घोंघावू लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि उरलेले रेंडरिंग, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होणे, रेंगाळत राहते. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे ‘कोअर आय-सेव्हन’ असे प्रोसेसरचे नाव एवढेच ठळक अक्षरात असते. पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची तर आणखीच तऱ्हा. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स 4090’ हे डेस्कटॉपसाठीचे कार्ड 24 जीबी मेमरीचे आणि 450 वॅटचे आहे. लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली वेगळी, लहान चिप आणि 16 जीबी मेमरी मिळते. नावापुढे ‘लॅपटॉप जीपीयू’ (लॅपटॉपची ग्राफिक्स चिप) अशी पुस्ती असते, पण ती वाचतो कोण?

दुरुस्तीचेही तसेच. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय जळाला, तर चार स्क्रू काढून दुसरा बसवता येतो, कारण 1995 साली इंटेलने आणलेली एटीएक्स ही सुट्या भागांची प्रमाण मापे बहुतेक असेंबल केलेल्या संगणकांत आजही पाळली जातात. (काही कंपन्या आपली मापे वेगळीच ठेवतात, तो भाग निराळा.) अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामासाठीची मेमरी) मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच, सोल्डर केलेली असते, 8 जीबीचा घेतला की शेवटपर्यंत 8 जीबीवरच भागवायचे. कीबोर्डवर पाणी सांडले तर डेस्कटॉपवाल्याला फार तर कीबोर्ड बदलावा लागतो, लॅपटॉपमध्ये मात्र ते पाणी थेट मदरबोर्डपर्यंत झिरपू शकते.

लॅपटॉप घेऊच नये, असे मला म्हणायचे नाही. ज्याला रोज फिरावे लागते त्याला पर्याय नाही. शिवाय वीज गेली तरी काम थांबत नाही, वेगळा यूपीएस लागत नाही आणि वीजही कमी लागते. पण जे यंत्र वर्षभर एकाच टेबलावर राहणार, मान अवघडते म्हणून ज्याला स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि मॉनिटर जोडणार, ते लॅपटॉप कशासाठी असावे, हे विचारायलाच हवे.

म्हणून यापुढे आपण संगणकांचे तुलनात्मक तक्ते छापाल, तेव्हा प्रोसेसर व ग्राफिक्स चिपच्या नावाशेजारी वॅट, तसेच रॅम, स्टोरेज, बॅटरी बदलता येते की नाही, हे रकानेही द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक