गाइडमधली वेळ पाळली जात नाही

मा. संपादक,

मागच्या महिन्यात एका मराठी चॅनेलवर माझ्या भाचीचं गाणं होतं, माझी सेकंड शिफ्ट म्हणून मी सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून गाइडमधूनच, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकातूनच, रात्री नऊ ते दहाचं रेकॉर्डिंग लावून गेलो. रात्री बाराला ताट घेऊन टीव्हीसमोर बसलो तर पहिली पंचवीस मिनिटं आधीचाच कुठला तरी सोहळा चाललेला आणि दहाच्या ठोक्याला रेकॉर्डिंग बंद. भाची गायली सव्वादहाला. फार वाईट वाटलं.

कस्टमर केअरवाले म्हणाले चॅनेलकडून जे शेड्यूल येतं तेच आम्ही दाखवतो, चॅनेलला मेल केला तर उत्तरच नाही.

मी पूर्वी केबलच्या कंट्रोल रूममधे काम केलंय म्हणून सांगतो, हे अवघड अजिबात नाहीये. डिजिटल सिग्नलमधे चित्र आणि आवाजाबरोबर ईआयटी नावाचं टेबल सतत येत असतं, त्यात एक भाग पुढच्या दिवसांच्या शेड्यूलचा आणि दुसरा फक्त 'आत्ता काय, पुढे काय' एवढाच. शेड्यूल आधीच भरलेलं असतं ते समजू शकतो, पण आत्ता-पुढेवाला भाग कार्यक्रम लांबला की लगेच बदलता येतो, आणि प्रत्येक कार्यक्रमाला नंबर असतो, बॉक्सने घड्याळाऐवजी तो नंबर धरला तर कार्यक्रम कितीही उशिरा सुरू होऊ दे, रेकॉर्डिंग बरोबर होतं. ब्रिटनमधे फ्रीव्ह्यू या फुकट डिजिटल टीव्ही सेवेचे रेकॉर्डर असंच चालतात. पश्चिम जर्मनीत तर 1985 मधे, ॲनालॉग टीव्ही आणि व्हीसीआर असताना, व्हीपीएस नावाची सोय आली, चॅनेल सिग्नलमधूनच खूण पाठवायचं की आता हा कार्यक्रम सुरू झाला, मग टेप फिरायची.

आपल्याकडे मुंबईत केबल डिजिटल करायची मुदत 2012 ची होती, आमच्या नाशिकला 2013 ची, आणि अजून महाएपिसोड असला किंवा मॅच लांबली की गाइड आपलं जुनंच दाखवत बसतं. काही चॅनेलपुढे तर नुसतं 'माहिती उपलब्ध नाही'. ॲपवर बघा म्हणतात, पण माझी आई रिमोटवर गाइड बघूनच टीव्ही लावते, तिने काय करायचं?

गाइडमधे चॅनेल भाषेनुसार एकत्र हवेत वगैरे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2017 ला केलेत, तसाच काटेकोर नियम वेळेसाठी हवा. कार्यक्रम लांबला की चॅनेलने ऑपरेटरला तेव्हाच कळवायचं आणि ऑपरेटरने आत्ता-पुढे लगेच बदलायचं, एवढं तरी बंधनकारक करा.

- एक वाचक, नाशिक