२३ शनिवार परत मिळवून देणाऱ्या ताईंस

ताई,
स. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही येऊ नये ही तुमची अट मी पाळतो आहे. मात्र आभार चारचौघांत मानू देण्याचा माझा हट्ट तुम्ही मान्य केलात, म्हणून हे पत्र.

आम्ही काही जण अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देतो. दर शनिवारी विद्यार्थी आणि लेखनिक सरावाला एकत्र बसतात, आणि कोणाचा कोणता पेपर कोण लिहिणार, केंद्र कोणते, तासामागे २० मिनिटांचा जादा वेळ धरून लेखनिकाला किती वाजेपर्यंत थांबावे लागेल, हे सारे मी कॅलेंडरमध्ये त्या त्या शनिवारच्या नोंदीखाली लिहीत आलो होतो. बारावीची परीक्षा ११ दिवसांवर असताना एका शनिवारी सभागृह मिळणार नव्हते, म्हणून तेवढी एक नोंद काढायला गेलो आणि ‘फक्त ही नोंद’ऐवजी ‘सर्व नोंदी’ हा पर्याय दाबला गेला. माझ्या लक्षात येईपर्यंत अनडूची, म्हणजे केलेली कृती मागे घेण्याची, पट्टी नाहीशी झाली होती आणि मी आणखी एक नोंद घातलेली होती. त्या प्रोग्रॅममध्ये अनडू शेवटच्या कृतीपुरतेच चालते. ते दाबल्यावर नवी नोंद गेली, शनिवार आले नाहीत. फोन उघडला तर तिथेही सारे कोरे.

घाईने मी तीच साप्ताहिक मालिका पुन्हा तयार करायला बसलो होतो. तुम्ही फोनवर थांबवलेत आणि विचारलेत, ‘हे कॅलेंडर जोडलेला, पण अलीकडे न उघडलेला एखादा संगणक आहे का?’ आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी तीन आठवडे बंद असलेला लॅपटॉप होता. तो सुरू करण्याआधी घरातले वायफाय बंद करायला तुम्ही सांगितलेत, कारण जाळ्याशी जोडला जाताच सर्व्हरवरची ‘पुसा’ ही सूचना त्यालाही मिळाली असती. मी आजवर सिंकलाच, म्हणजे सर्व उपकरणांवर नोंदी आपोआप सारख्या ठेवण्यालाच, बॅकअप समजत होतो. चार ठिकाणी दिसणारी नोंद चार ठिकाणी सुरक्षित आहे, असा माझा भाबडा हिशेब होता. ती चारही ठिकाणांहून एकदमच जाते, हे त्या रात्री समजले.

लॅपटॉपवरून काढलेली आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी साध्या मजकुरात साठवणारी फाइल, तुम्ही नोटपॅडमध्ये उघडायला लावलीत, हे मी विसरणार नाही. अशा फाइलींसाठीच्या २००९ सालच्या आयकॅलेंडर मानकानुसार संपूर्ण मालिकेला एकच ओळख क्रमांक असतो, आणि ज्या शनिवारी आपण काही बदल केला तो शनिवार त्याच क्रमांकाखाली, स्वतःच्या तारखेसह, वेगळा लिहिलेला असतो. म्हणून मालिका पुसली की तिच्याबरोबर बदललेले शनिवारही जातात, आणि नवी मालिका केली तर तारखा येतात, त्यांखालची टिपणे येत नाहीत. २३ शनिवारांची टिपणे त्या साध्या मजकुरात ओळीने दिसली, तेव्हा मला बोलता येईना. फाइल जुन्या कॅलेंडरवर न चढवता आधी एका नव्या, रिकाम्या कॅलेंडरमध्ये आणण्याची सावधगिरीही तुमचीच. मधल्या तीन आठवड्यांतले फेरफार परत येणार नाहीत, हे तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेत, त्यामुळे आम्ही खोटी आशा धरली नाही. ते फेरफार दुसऱ्या दिवशी संबंधितांना फोन करून पुन्हा विचारून घेतले.

अनडूची यादी उघड्या खिडकीपुरतीच स्मरणात असते आणि अनेक उपकरणांवर पसरलेली कृती मागे घेणे अवघड असते, हे तुमचे म्हणणे मला पटले. तरीही पुसलेल्या नोंदी महिनाभर कचरापेटीत ठेवणे अशक्य नाही, बऱ्याच कॅलेंडरांत ती सोय आहे, आणि ज्यावर इतरांची परीक्षा अवलंबून आहे अशा प्रोग्रॅममध्ये ती नसणे मला अक्षम्य वाटते.

आमच्या एकाही विद्यार्थ्याचा पेपर लेखनिकावाचून अडला नाही. आता दर महिन्याच्या १ तारखेला मी आयसीएस फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवतो, फाइलच्या नावात तारीख घालतो. तुम्ही मोबदला घेतला नाहीत. निदान एका शनिवारी सरावाला या, मुलांना तुम्हाला भेटायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लेखनिक गटाचा एक कार्यकर्ता