नवा जनरेटर उतरवण्याआधी पाण्याची वाट तपासणाऱ्या मिस्त्रींना

पुणे

मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यासाठी बोट समुद्रातून काढून ट्रेलरवर भोसरीच्या शेडमध्ये आणली, ती एकाच कामासाठी: बंद पडलेला जनरेटर काढून नवा बसवायचा. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात गेली आणि तेव्हापासून नवा जनरेटर सेट बिनतक्रार चालतो आहे. तुमचे आभार फोनवर मानून झाले. पण तुम्ही केलेलं काम लिहून ठेवलं तर दुसऱ्या बोटवाल्यांनाही ते कामी येईल, म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात आधी आभार मानायचे ते तुमच्या नकाराचे. जुना सेट कशाने मेला हे कळल्याशिवाय नवा बोटीत उतरवणार नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलंत. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. इंजेक्टर काढून फ्लायव्हील हाताने फिरवलं, तशी भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. जिभेला लावून बघितलंत: खारट. म्हणजे कूलंट गळलेलं नव्हतं, समुद्राचंच पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरलं होतं. त्याच पाइपांवर नवा सेट जोडला असता तर तोही त्याच मरणाने गेला असता.

मग तुम्ही पाण्याची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधलीत. आमचा सेट पाणरेषेच्या खाली बसतो. अशा ठिकाणी इंजिन थांबल्यावरही सायफनने, म्हणजे भरलेल्या नळीच्या ओढीने, समुद्राचं पाणी येतच राहतं, कारण इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) पाणी पूर्ण अडवत नाही. इंजिन थंड करणारं हे पाणी धुराच्या वाटेनेच बाहेर पडतं, म्हणून ते आधी मफलर (धुराचा आवाज दाबणारी पेटी) भरतं, मग उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. हे तोडायला पाण्याच्या नळीच्या वरच्या वळणावर हवा घेणारा सायफन ब्रेक लागतो. आमच्या बोटीत तो होता, पण मिठाने पक्का चिकटला होता, आणि वळण पाणरेषेपासून जेमतेम १० सेंटिमीटर वर. तुम्ही ते ३० सेंटिमीटरच्या वर नेलंत आणि सायफन ब्रेकचा व्हॉल्व्ह हात पोचेल अशा जागी आणलात. दर सीझनला उघडून गोड्या पाण्याने धुवायचा, हे आता आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

दुसरा दोष बुडाच्या बाहेर होता. पाणी आत घेणाऱ्या भोकावर चमच्यासारखी जाळी होती, तोंड पुढे केलेली. मुख्य इंजिनासाठी ते चालतं. पण जनरेटर बंद असताना बोट वेगात धावली की तीच जाळी पाणी दाबाने आत ढकलते आणि मफलर भरून टाकते. तिच्या जागी तुम्ही सपाट जाळी बसवलीत.

तिसरा दोष मफलरचा. मफलरमधून वर जाणाऱ्या ५१ मिलिमीटरच्या होजचा १.२ मीटर उभा भाग भरला तर त्यात सुमारे अडीच लिटर पाणी मावतं. सेट थांबताच त्यातलं पाणी मफलरमध्ये परततं, आणि जुन्या मफलरमध्ये तेवढी जागाच नव्हती. हा हिशेब तुम्ही शेडच्या फरशीवर खडूने मांडून दाखवलात. नवा मफलर मोठा घेतलात, एक्झॉस्ट एल्बोच्या (धूर इंजिनाबाहेर नेणाऱ्या वाकड्या पाइपाच्या) खाली बसवलात, आणि एल्बोपासून मफलरपर्यंत होजला सलग उतार दिलात, कुठेही पोट न पडू देता. प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टेनलेस क्लिपा. जुना एल्बो कापून दाखवलात तेव्हा आतली भिंत कागदाएवढी उरली होती. गरम धूर आणि खारं पाणी जिथे भेटतात तिथेच तो गंजतो. बाहेरून रंग अगदी शाबूत होता.

सेट लवकर चालू होत नसेल तर स्टार्टर मारत बसायचं नाही, आधी सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) बंद करायचा, ही तुमची शिकवण आम्ही सेटच्या झाकणावर रंगवून घेतली आहे. स्टार्टरने इंजिन नुसतं फिरत असताना पंप पाणी ओढतच असतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सेट धरला की मात्र लगेच सी-कॉक उघडायचा, नाहीतर इम्पेलर कोरडा जळतो. आणि इम्पेलरची पाती तुटली असतील तर तुकडे मोजायचे. सहा पात्यांतली दोन हरवली असतील तर ती हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेली असतात, ती काढल्याशिवाय नवा इम्पेलर घालून उपयोग नाही.

सेट केवढा घ्यायचा यातही तुम्ही आमचा खर्च वाढवायचा सोडून कमी केलात. जुना ८ केव्हीएचा, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने ६.४ किलोवॉट. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं) लावून मोजलं तर एसी, फ्रिज आणि बॅटरी चार्जर मिळून रात्रीचा लोड १.४ किलोवॉट. डिझेल इंजिन तासन्‌तास क्षमतेच्या २२ टक्क्यांवर चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी साठत जाते. ५ केव्हीएच्या सेटवर तोच लोड ३५ टक्के होतो आणि १.२ किलोवॉटचा गिझर लावला की ६५. "मोठा घेतलेला बरा" हा सल्ला आम्हाला सगळ्यांनी दिला होता, मीटर फक्त तुम्ही लावलात.

उतरवायचं काम त्यामानाने सरळ. हॅचचं माप आधी घेतलेलं, सेटचं वजन दीडशे किलोच्या आसपास, गॅन्ट्रीवर अर्ध्या टनाची चेन पुली. सेटच्या बोल्टची जुनी भोकं इपॉक्सीने बुजवून नवी पाडलीत, कारण लाकडात पाणी मुरलं की बोल्ट ढिले होतात. डिझेलची नळी टाकीत मुख्य इंजिनाच्या नळीपेक्षा आखूड ठेवलीत, म्हणजे रात्रभर एसी चालला तरी घरी परतण्यापुरतं डिझेल टाकीत उरतं. इतकी साधी गोष्ट, पण आधीच्या जोडणीत ती नव्हती.

विजेच्या बाजूला तुम्ही जे बदललंत त्याने माणसं वाचतात. किनाऱ्यावरची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच, मध्ये शून्याची जागा असलेला, म्हणजे दोन्ही कधीच एकत्र येणार नाहीत. न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे ते वीज जिथून येते तिथेच: जनरेटर चालू तर जनरेटरपाशी, किनाऱ्याची वीज असेल तर किनाऱ्यावर. आमच्या पॅनेलमध्ये ते कायमचे जोडलेले होते. जेट्टीवरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सतत का पडायचा, त्याचं उत्तर तिथे सापडलं. तशा जोडणीत न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेने आणि बोटीभोवतीच्या पाण्यातूनही वाट काढू शकतो, आणि तिथे पोहणारी मुलं असतात. आरसीसीबी काढून टाका असं सांगणारेही भेटले होते. तुम्ही आरसीसीबी ठेवलात आणि चूक काढलीत.

चाचणीचा दिवस मात्र विसरता येत नाही. लोड बँक (सेटवर चाचणीपुरता लोड टाकणारं यंत्र) भाड्याने आणायच्याऐवजी तुम्ही बाजारातून पाणी तापवायचे तीन रॉड आणलेत, एक १ किलोवॉटचा, दोन दीडचे. दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिक पिंपात ते लाकडी पट्टीला टांगले, वीज चालू असताना पिंपाजवळ कोणालाही फिरकू दिलं नाहीत. इंजिनाच्या थंडाव्याचं पाणी दुसऱ्या पिंपातून, कारण तापलेलं पाणी इंजिनाला दिलं तर कूलिंगची परीक्षाच खोटी ठरते. नळाचा पाइप थेट पंपाला जोडू दिला नाहीत, कारण नळाचा दाब सेट बंद असतानाही मफलर भरतो. लोड नसताना विजेची फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्‌झ, एक रॉड लावला की थोडी उतरती, तिन्ही लावले तेव्हा ४ किलोवॉटला ४९.८. एक्झॉस्टखाली १० लिटरची बादली धरून वेळ मोजली, ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. पिंप तासाभरात चांगलं कोमट झालं, सेटचा सूर बदलला नाही, धूर दिसेनासा झाला.

शेवटी केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलात, झोपायच्या जागेजवळ, आणि त्याचं बटण दाबून आवाज ऐकवलात. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा या बाबतीत कमी घातक, पण शेजारी नांगरलेल्या बोटीचा धूरही खिडकीतून येतो, हे तुम्ही सांगेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. डेकवर पेट्रोलचा सुटा जनरेटर ठेवून केबिनमध्ये झोपणाऱ्या मंडळींनी एवढं एक वाक्य तरी वाचावं, अशी कळकळीची विनंती.

मिस्त्री, सेटचे आज ४६ तास झाले. ५० तासांना पहिलं ऑइल आणि फिल्टर बदलायचा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासायचे आणि हीट एक्स्चेंजरचं झिंक (गंज स्वतःवर घेऊन झिजणारा तुकडा) काढून बघायचं, निम्मं झिजलं असेल तर नवं. १५डब्ल्यू४० ऑइलचा कॅन आणि झिंक आणून ठेवलं आहे. निघालेलं ऑइल काचेच्या बाटलीत भरून तुमच्याकडे पाठवतो. काळं असेल, दुधाळ नसेल.

आपले ऋणी,
बोटीचे चौघे भागीदार