आखाताची बॅग भरताना

मा. संपादक,
स. न.

फसव्या एजंटांपासून सावध राहा, व्हिसा तपासून घ्या, असे वर्तमानपत्रांत वेळोवेळी छापून येते आणि ते यायलाच हवे. पण व्हिसा खरा, कंपनी खरी, पगार वेळेवर, असे सगळे ठीक असूनही दुबई, दोहा किंवा मस्कतला गेलेला माणूस पहिल्याच उन्हाळ्यात जेरीस येतो, तो घरातल्या बारीकसारीक गोष्टींनी. कळंब्याच्या आयटीआयमधून वायरमन-फिटर होऊन जाणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही. नवऱ्यापाठोपाठ संसार मांडायला निघालेल्या सुनांना तर नाहीच नाही.

पहिली गोष्ट चटणीची. एप्रिल-मेमध्ये वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, कांडून आली की त्यातली किलोभर आखातातल्या लेकासाठी बाजूला काढली जाते. आपल्याकडे त्यात पुष्कळ घरांतून खसखस भाजून घालतात. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार इथे तिच्यावर बंदी आहे आणि ती सापडली तर प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. ‘चिमूटभरच होती’, ‘घरच्या जेवणासाठी होती’ ही उत्तरे विमानतळावर कामाला येत नाहीत. एकदा कांडलेल्या चटणीतून ती निवडून काढता येत नाही, त्यामुळे पाठवायची चटणी सुरुवातीपासून वेगळीच करावी. खसखशीऐवजी पांढरे तीळ आणि सुके खोबरे थोडे वाढवले तर रश्श्याला दाटपणा येतो, चवीत फार फरक पडत नाही. दिवाळीच्या डब्यात मात्र हमखास घात होतो, कारण अनारसे खसखशीवरच थापलेले असतात! विकतच्या मसाल्याच्या पाकिटावरचे घटकही वाचून घ्यावेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या यांनाही आगाऊ परवानगी लागते, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. माणसे पाठवणाऱ्या एजन्सी सामान किती किलो न्यायचे ते सांगतात. त्याच कागदावर हे चार ओळींत मराठीत छापायला त्यांना काय हरकत आहे?

आता पाणी. आपल्याकडेही भर दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी तापते, पण रात्री ते निवते. आखातात जून ते सप्टेंबर रात्रीही हवा तीस अंशांच्या खाली फारशी उतरत नाही, त्यामुळे टाकी निवतच नाही आणि ‘गार’ नळाला चोवीस तास कढत पाणी येते. यावर तिथले जुने रहिवासी करतात ते असे: मे महिन्यात गीझरचे बटण बंद करायचे. गीझर बाथरूमच्या छताआड, म्हणजे एसीने गार झालेल्या घराच्या पोटात असतो. त्यातले साठलेले पाणी काही तासांत खोलीइतके निवते. मग लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्याला गरम, असा उलटा कारभार चार महिने चालतो. पाहुण्याला हे आधी सांगून ठेवावे.

यात एक मेख आहे. गीझर पन्नास लिटरचा असला तरी गार पाणी पन्नास लिटर मिळत नाही. गीझरमधून पाणी वरच्या बाजूने बाहेर पडते आणि टाकीचे नवे पाणी खालून आत शिरते. हिवाळ्यात खालून येणारे पाणी गार आणि जड असल्याने ते तळाशी राहते. उन्हाळ्यात मात्र येणारे पाणीच गरम आणि हलके, ते लगेच वर चढून मिसळते. म्हणून पहिल्या एक-दोन बादल्या बऱ्या, पुढे कोमट. घरात चौघे असतील तर रात्रीच बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवाव्यात, सकाळी प्रश्न मिटतो. बंद गीझरमधले पाणी रोज वापरात राहिले पाहिजे, कारण साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गीझर परत लावताना आधी पाणी पूर्ण तापू द्यावे आणि तेवढे सोडून द्यावे.

संडासातल्या जेटचेही तेच. आधी पाणी हातावर घेऊन बघायचे, नंतरच वापरायचे. हसण्यावारी नेऊ नये, लहान मुलांना चटका बसतो. वॉशिंग मशीन ‘कोल्ड’वर लावले तरी आत येणारे पाणी चाळीसच्या वर असते, तेव्हा रंग जाणारे कपडे बादलीतल्या निवलेल्या पाण्यात धुवावेत. इथून आरओ फिल्टर उचलून नेण्याचा आटापिटा तर करूच नये. घरगुती फिल्टरची जाळी एवढे गरम पाणी सोसत नाही आणि समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या नळाच्या पाण्यात क्षार आधीच कमी केलेले असतात. प्यायला पाच गॅलनची, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरची बाटली घरपोच येते. अनामत भरली की रिकामी देऊन भरलेली घ्यायची.

एसी तिथे चैन नव्हे, घराचा भाग आहे, पण तो वापरण्याचीही रीत आहे. बारीक वाळूने फिल्टर दर पंधरवड्याला बुजतो. शमाल, म्हणजे वायव्येकडून धूळ घेऊन येणारा वारा, सुटला असेल तर आठवड्यालाच. बुजला की हवेचा झोत मंदावतो, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि माणसे गारवा कमी झाला म्हणून अंश आणखी खाली आणतात. त्याने बर्फ वाढतोच. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालू ठेवावा, बर्फ वितळू द्यावा आणि फिल्टर धुऊन सावलीत वाळवून बसवावा. सुरीने बर्फ खरवडू नये, नळी फुटते. किनाऱ्यावरच्या शहरांत खिडकी उघडी टाकून एसी अठरावर ठेवला तर जाळीतून पाणी ठिबकते. बाहेरची दमट हवा गार पत्र्यावर दव धरते, म्हणून ते होते, मेकॅनिकची त्यात काही चूक नसते. आपल्याकडचा कूलर रियाधच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, दुबई-दोह्याच्या ऑगस्टमध्ये तो घर फक्त ओले करतो.

विजेचे थोडक्यात. पिन चौकोनी तीन, तेरा अँपियरची, आत फ्यूज. आपली दोन पिनांची वायर बसावी म्हणून वरच्या भोकात पेनाचे टोपण खुपसणारे महाभाग आहेत. ते भोक अर्थिंगचे, आणि तिथली लांब पिन आत गेल्यावरच खालच्या दोन भोकांची झडप उघडते. सुरक्षेसाठी केलेली सोय अशी फसवू नये. सरळ प्लग बदलावा: प्लग उघडून अर्थची पिन वर धरली की हिरवी-पिवळी वायर वर, निळी डावीकडे, तपकिरी उजवीकडे फ्यूजच्या बाजूला. मिक्सरला पाचचा फ्यूज, इस्त्रीला तेराचा. सौदीत वीज आपल्याकडच्या पन्नासऐवजी साठ हर्ट्झची आहे. मिक्सरला त्याने फरक पडत नाही, टेबल फॅन मात्र थोडा जास्त वेगाने फिरतो. आणि भाड्याच्या घरात विजेची शेगडी असेल तर ती कोणती ते विचारून मगच कुकर न्यावा. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, लोखंडी तवा चालतो.

गणपतीला गावी येताना बिल वाचवायला एसी पूर्ण बंद करून कुलूप लावणारे परत गेल्यावर पस्तावतात. दमट किनाऱ्यावर पंधरा दिवसांत कपाटातल्या कपड्यांना आणि कोल्हापुरी चपलांना बुरशी धरते. सव्वीस-सत्तावीसवर चालू ठेवावा. याच काळात बाथरूमच्या मोरीच्या जाळीखालचे पाणी सुकते. त्या बोटभर पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळे अडलेली असतात. एरवी न वापरातल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतले की पुरते. सुटीला निघताना मात्र पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडावे. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि ते लवकर उडून जात नाही.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर